पाना उचलण्याआधी

बटण दाबल्यावर छताचा पंखा हुंकारतो, पण फिरत नाही. यानंतर घरात जे घडतं ते बहुतेक ठरलेलं असतं. कोणीतरी रेग्युलेटर एकपासून पाचपर्यंत खडखड फिरवून बघतो, कोणीतरी ‘मोटार जळली’ असा निकाल देऊन मोकळा होतो आणि संध्याकाळपर्यंत नव्या पंख्याच्या किमतीवर चर्चा येऊन ठेपते. वास्तविक त्या पंख्याने आपलं दुखणं केव्हाच सांगून टाकलेलं असतं. रेग्युलेटर पाचवर असूनही नुसता हुंकार येतोय, म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोचते आहे. बटण आणि वायर यांच्यावर संशय घ्यायचं कारण उरलं नाही. आता काठीच्या टोकाने, हाताने नव्हे, पातं हलकेच ढकला. जड लागलं, घासत घासत थांबलं, तर बेअरिंग. ढकलल्यावर पंखा आपला आपण फिरू लागला, तर कपॅसिटर. उलट्या बाजूला ढकलला तर तो उलटाच फिरत राहील, कारण सुरुवातीचा धक्का आणि दिशा या दोन्ही गोष्टी त्या मोटारीला कपॅसिटरमुळे मिळतात. साध्या घरगुती पंख्यात तो बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो आणि पंख्याच्या किमतीपुढे त्याची किंमत म्हणजे सुटे पैसे. (बीएलडीसी जातीच्या नव्या पंख्यांना हे लागू नाही. त्यांचं काम वेगळं, म्हणून प्रकरणही वेगळं.)

या पुस्तकाचा विषय घरातली दुरुस्ती हा आहे. तरी पानं चाळलीत तर ध्यानात येईल की स्क्रू कसा फिरवायचा, पाना कसा धरायचा यावर त्यात फार शाई खर्च केलेली नाही. अर्ध्याहून जास्त मजकूर बिघाड नक्की कुठे आहे हे हुडकण्यावर आहे. हे मुद्दाम केलं आहे. घरी केलेल्या दुरुस्त्या फसतात त्या हात चालत नाही म्हणून क्वचितच. वॉशर बदलणं, प्लग जोडणं, बिजागरीचा स्क्रू आवळणं ही कामं दहावीतलं पोरगंही करेल. फसतं ते हे, की चांगला भाग बदलला जातो आणि बिघडलेला जागच्या जागी राहतो.

पूर्वी ही अडचण इतकी नव्हती. त्या काळची माणसं जास्त हुशार होती असं मानायचं कारण नाही, त्यांची घरं उघडी होती. कोकणातल्या कौलारू घरात पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणी व्हायची. फुटकी कौलं काढून नवी बसवायची, सरकलेली नीट करायची, वासे ठोकून बघायचे, पश्चिमेच्या भिंतीला झडीपासून आडोसा म्हणून झावळ्यांचे झाप बांधायचे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौलं आली, तरी मे महिन्यातलं हे काम सुटलं नाही. गळतं कुठे हे विचारायला कोणाकडे जावं लागत नसे. खाटेवर आडवं झालं की वरून उजेडाचा ठिपका दिसायचा, ठिपका तिथे गळती. पुण्याच्या वाड्यात आणि मुंबईच्या चाळीत वायरी लाकडी पट्टीवरून भिंतीच्या वरून जायच्या, पाण्याचे लोखंडी पाइप डोळ्यांसमोर असायचे. सांध्याला गंज चढला, वायरीचं आवरण तडकलं, तर जाता-येता दिसायचं.

आता आपण राहतो त्या फ्लॅटमध्ये सगळं भिंतीच्या पोटात गेलं आहे. पाणी गिलाव्याआडून येतं, लाद्यांखालून जातं. विजेच्या वायरी नळीतून छताच्या स्लॅबमध्ये शिरतात आणि कुठे बाहेर पडतात हे फक्त तेव्हाच्या वायरमनला ठाऊक असतं. घर दिसायला नीटनेटकं झालं, पण बिघाड दिसेनासा झाला. मोरीच्या कोपऱ्यातला सांधा निखळला की डाग उमटतो बैठकीच्या खोलीत. म्हणून आजच्या घरात पानाहातोडीच्या आधी तर्क लागतो. हा तर्क तीन साध्या प्रश्नांवर चालतो: केव्हा होतं, कुठे कुठे होतं आणि सुरू व्हायच्या आधी काय बदललं. अनुभवी कारागीर आल्या आल्या हेच विचारतो. आपण मात्र घाईने ‘तुम्ही आधी बघा तर खरं’ म्हणतो.

या तीन प्रश्नांची खरी कसोटी लागते ती भिंतीच्या ओलीवर. मराठी माणूस फ्लॅटमधल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ओलीवर जास्त पैसे वाया घालवतो असं माझं मत आहे. ते मी कोणापुढे सिद्ध करू शकणार नाही, पण मागेही घेणार नाही. भिंतीला पोपडे धरले की रंगारी बोलावला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा रंग मारतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच नकाशा त्याच जागी पुन्हा उमटतो, कधी थोडा मोठा होऊन. भिंतीत पाणी शिरायची वाट उघडी आणि आतून बाहेर सुकायची वाट बंद, मग दुसरं काय होणार?

ओल केव्हा वाढते हे आधी बघायचं. जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत ओसरत असेल तर पाणी पावसाचं आहे. मग गच्ची, बाहेरच्या भिंतीतल्या चिरा, खिडकीची चौकट, सज्जाचा उतार या क्रमाने पाहायचं. बारा महिने तेरा काळ सारखीच असेल, घरात कोणी नसतानाही हटत नसेल, तर येणाऱ्या पाण्याचा पाइप गळतो आहे, कारण टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात रात्रंदिवस दाब असतो. वरच्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलं की डाग फिकटतो आणि परतलं की गडद होतो, असं असेल तर जाणाऱ्या पाण्याची वाट फुटली आहे. न्हाणीघराच्या लादीखालचा थर, ट्रॅपचा सांधा, नाहीतर कमोडचा जोड. तळमजल्याच्या घरात जमिनीपासून गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीपर्यंत पट्टा उठतो, त्यावर मिठासारखी पांढरी पूड सुटते, लोणा लागतो. ते पाणी जोत्यातून वर चढलेलं असतं आणि त्यावर वरून कितीही लेप दिले तरी ते चढतच राहतं. आणि एक अगदीच क्षुल्लक कारण: एसीच्या निचऱ्याची नळी तुंबलेली असते. तेवढ्यासाठी भिंती फोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

तर्क झाला की पडताळा. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. आठ-दहा दिवसांनी दुसरी रेघ. डोळ्यांना ‘वाढल्यासारखी वाटते’ आणि रेघेला ‘तीन बोटं वाढली’, यात फार फरक आहे, विशेषतः वरच्या मजल्यावरच्यांशी बोलायला जायचं असेल तेव्हा. येणाऱ्या पाइपाचा संशय असेल आणि घराला स्वतंत्र मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा टिपायचा, सकाळी कोणी दात घासायच्या आत पुन्हा बघायचा. आकडा सरकला तर पाणी कुठेतरी जातंय. तेवढ्यावर फोडाफोड सुरू करू नका. फ्लशची टाकी आधी तपासा, चोर पुष्कळदा तीच असते. मीटर नसेल तर गच्चीवर आपल्या घराच्या पाइपाचा कॉक बंद ठेवून काही दिवस बादल्यांवर भागवायचं आणि रेघेकडे लक्ष ठेवायचं. वरच्या न्हाणीघराचा संशय असेल तर त्यांच्या परवानगीने तिथल्या निचऱ्याला फडक्याचा बोळा घट्ट बसवून लादीवर दोनेक इंच पाणी रात्रभर तुंबवायचं आणि त्यात थोडा रंग घालायचा. खाली रंगीत पाणी आलं की वादाला जागा उरत नाही. इतका धीर मात्र हवा, की भिंत भिजायला जेवढा वेळ लागला त्याहून सुकायला जास्त लागतो. गळती थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी डाग तसाच दिसला म्हणून दुरुस्ती फसली असं समजायचं नाही.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न ओलीच्या पाठोपाठ येतोच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची दुरुस्ती आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचं नि गिलाव्याचं झालेलं नुकसान हा संस्थेचा खर्च आहे. सदनिकेच्या आतल्या न्हाणीघराची, संडासाची, सिंकची गळती हे सभासदाचं काम. म्हणजे पाणी कुठून येतं हे सिद्ध करण्यावर पैशाचाही निकाल अवलंबून असतो. सर्वसाधारण सभेत आवाज चढवण्यापेक्षा तारखा घातलेल्या दोन रेघा आणि एक फोटो जास्त काम करतात.

नळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात त्यावर भरपूर आहे. सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ, मिलीलिटरला वीस थेंब धरले, तर दिवसाला चार लिटरांहून जास्त आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी घालवतो. ठिबकणाऱ्या नळाला सगळे आणखी आवळतात. जुन्या पितळी नळाचा वायसर त्यानेच कापला जातो आणि मग आतली बैठकही खरवडली जाते. ती एकदा गेली की नवा वायसर घालूनही नळ ठिबकतच राहतो. नळ बंद असताना तोटीतून ठिबकतो की चालू असताना मुठीखालून पाझरतो, एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं. पहिल्यात वायसर, दुसऱ्यात मुठीखालची ग्लँड. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं, आणि त्याला वाळूचा कण सहन होत नाही. घरातले दोन-तीन नळ एकदम ठिबकू लागले तर नळांना दोष देण्याआधी इमारतीची टाकी नुकतीच धुतली का ते विचारा. पाणी कमी येण्याचंही तसंच. एकाच नळाला धार बारीक असेल तर तोंडाची जाळी काढून बघा, बोअरच्या पाण्याचा क्षार तिथे साखरेसारखा जमलेला असेल. व्हिनेगरमध्ये भिजवला की सुटतो. एका न्हाणीघरात सगळीकडे कमी असेल तर तिथला कॉक, घरभर कमी असेल तर टाकीपाशी. आणि टाकी रिकामी होऊन भरल्यावर एखाद्याच नळाला पाणी येत नसेल तर पाइपात हवा अडकली आहे, प्लंबरला फोन करायची घाई नको.

फ्लशच्या टाकीची परीक्षा तर करमणुकीची आहे. टाकीत निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर तळाचं रबर बसत नाही. उतरलं नाही आणि तरीही टाकीत पाण्याचा आवाज चालूच असेल तर वर बघा, पाणी मधल्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तिच्यातून वाहून जात असेल. मग दोष तरंगत्या गोळ्याच्या झडपेत आहे. पाहुण्यांच्या न्हाणीघराला येणारा दर्प हाही असाच फसवा. लोक फिनेल ओतत राहतात. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी उभं असतं तेच गटारातली हवा अडवतं. खोली महिनाभर वापरात नसली की ते सुकतं. तांब्याभर पाणी घातलं की दर्प थांबतो.

पाइपाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड स्वतःकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे जोड आवळताना ती सुटत नाही. पूर्वीचे प्लंबर याच कामाला सूत आणि सफेदा वापरायचे. त्यांचे सांधे पन्नास-पन्नास वर्षं टिकलेले आहेत आणि आता उघडायची वेळ आली की घाम काढतात.

विजेबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं. पाण्याची चूक फरशी ओली करते, विजेची चूक माणूस घेते. आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, तो एका प्रकरणात उरकेल असा आव या पुस्तकाने आणलेला नाही. विजेच्या बाबतीत वाचकाने निदान करावं, दुरुस्ती बहुतेक वेळा परवानाधारक वायरमनने करावी, अशी कामाची वाटणी इथे केली आहे. पण निदान जमलं तरी खूप झालं.

एमसीबी पडते. वर केल्याबरोबर त्याच क्षणी पडली तर शॉर्ट सर्किट. दहा-पंधरा मिनिटांनी पडली तर त्या वायरीवर झेपत नाही इतका भार आहे, नाहीतर एखादा जोड सैल होऊन तापतो आहे. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. तो दिव्यांसाठीच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला लावला तर सॉकेटचं भोक काळं पडतं, प्लग हाताला गरम लागतो. एमसीबी वारंवार पडते म्हणून जास्त अँपिअरची बसवून घेणं म्हणजे रखवालदार ओरडतो म्हणून त्यालाच घरी पाठवणं. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालायची सवय होती, त्याचाच हा नवा अवतार. मग जळते ती वायर, आणि ती भिंतीत असते.

तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी पडते तेव्हा कारण वेगळं. कुठेतरी वीज वाट सोडून जमिनीत जाते आहे. पावसाळ्यात हे रात्री-बेरात्री होतं आणि घरभर अंधार झाल्यावर सगळे शेजारी वीज आहे का ते बघायला खिडकीत येतात. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर घेत जा. जिच्यावर पडेल त्या वायरीवर दोष. मग त्या वायरीवरचे सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. बहुतेक वेळा बाल्कनीतला दिव्याचा होल्डर, भिजलेलं बेलचं बटण किंवा चिरलेल्या कॉइलचा गीझर सापडतो. इथे एक चकवा आहे, त्यात अनुभवी माणसंही अडकतात. साधी एक-पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एखाद्या उपकरणात न्यूट्रल अंगाला, म्हणजे अर्थिंगला टेकला असेल तर त्याची एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकते. म्हणून अशा वेळी बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटातून ओढून काढावा लागतो. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबल्यावर ती पडली नाही तर ती शोभेची आहे, लगेच बदलून घ्या.

दुसरा चकवा टेस्टरचा. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, पण दिवा काही लागत नाही. ‘दोन्हीकडे करंट आलाय’ असं म्हणून घरातली मंडळी घाबरतात. अर्थ असा की न्यूट्रल कुठेतरी तुटला आहे आणि चालू राहिलेल्या एखाद्या दिव्यातून फेज फिरून दुसऱ्या भोकापर्यंत आली आहे. त्या वेळी न्यूट्रलला हात लावणं फेजला हात लावण्याइतकंच वाईट. आणि इमारतीत काही घरांतले दिवे भगभगीत, काहींत मंद, असं एकदम दिसलं तर मुख्य न्यूट्रल गेला आहे. आपला मेन स्विच ताबडतोब बंद करायचा, टीव्ही-फ्रिज वाचवायचे आणि वीज कंपनीला कळवायचं. टेस्टरवर भरवसा ठेवण्याआधी तो एखाद्या चालू जागी पेटतो का ते बघा. न पेटणारा टेस्टर आणि नसलेली वीज दिसायला सारखीच असतात.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यातले पुष्कळ व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्या भिंतीत लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग असते. घरगुती दाब तिथे १२० व्होल्ट, इथे २३०. त्यांच्या भिंती लाकडी खांबांवर पत्रे ठोकल्यासारख्या, आपल्या विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या. त्यांचा स्क्रू थेट लाकडात घुसतो, आपल्याला मेसनरीच्या बिटने भोक पाडून रॉल प्लग ठोकावा लागतो. न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी वाचकांनी हेच वाक्य उलट बाजूने वाचावं, या पुस्तकातल्या रंगांवर विसंबून तिथला बोर्ड उघडू नये. आणि रंग काही असो, तुमच्या घरी वायरिंग करताना कोणी रंग पाळले होते की उरलेली वायर संपवली होती, हे टेस्टर लावल्याखेरीज कळत नाही.

दारांबद्दल थोडंच सांगायचं आहे. जुलैत दार फुगतं, चौकटीत अडकतं आणि सुतार येऊन रंधा मारून जातो. डिसेंबरात लाकूड आटतं आणि फटीतून वारा येतो. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू हलतात का ते बघा. दार खाली झुकल्यानेही ते अडकतं, त्याला लाकूड तासायची गरज नाही. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या आगपेटीच्या काड्या आत ठोका, सुकू द्या आणि स्क्रू पुन्हा बसवा. तरीही घासत असेल तर कडेला खडू लावून दार लावा, खडू जिथे पुसला जाईल तिथेच तासा, आणि तेही पाऊस सरल्यावर.

काय या पुस्तकात नाही तेही सांगतो. गॅस नाही. शेगडीचं तोंड साफ करण्यापलीकडे गॅसला हात लावायचा नाही. नळीवर छापलेली तारीख बघायची, मुदत संपली की नळी बदलून घ्यायची, आणि वास आला तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, कुठलंही बटण दाबायचं नाही आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन लावायचा. मीटरच्या बाजूच्या सीलबंद पेट्या नाहीत. पिलर आणि बीम यांना भोकं पाडणं नाही, त्यातून पाइप नेण्याची कितीही सोय होत असली तरी. आणि गीझरच्या दाबाची झडप नाही. ती अधूनमधून ठिबकते, कारण तापलेलं पाणी फुगतं आणि जास्तीचा दाब सोडणं हेच तिचं काम आहे. ते थेंब बंद व्हावेत म्हणून तिच्या तोंडावर एम-सील थापणारे लोक आहेत. त्यांच्या न्हाणीघरात मी आंघोळीला जाणार नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसायची गरज नाही. प्रत्येक प्रकरण घरातल्या तक्रारीच्या नावाने सुरू होतं. नळ, पंखा, भिंत, दार अशी वस्तूंवरून वाटणी केली नाही, कारण माणसाला बिघडलेला भाग माहीत नसतो, लक्षण माहीत असतं. ‘वास येतो’, ‘आवाज येतो’, ‘गरम लागतं’, ‘कधी चालतं कधी नाही’ असं उघडायचं. शेवटच्या प्रकारावर सर्वांत जास्त पानं आहेत. जे पूर्ण बंद पडतं ते सापडतं. जे कारागीर येण्याच्या वेळेला हमखास नीट चालतं ते सापडायला वही लागते: तारीख, वेळ, तेव्हा पाऊस होता का, वॉशिंग मशीन चालू होतं का, शेजारी पंप लागला होता का. अशा चार-पाच नोंदी झाल्या की कोणत्या गोष्टी जोडीने येतात ते दिसायला लागतं.

कारागीर बोलवायचा असेल तेव्हाही हीच वही कामाची. ‘आमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलं की तो पुढच्या आठवड्यात येतो आणि पिशवीत जे असेल ते घेऊन येतो. ‘आरसीसीबी पडते, गीझरचा प्लग काढला की टिकते’ असं सांगितलं तर तो विचारतो गीझर किती लिटरचा आणि कोणत्या कंपनीचा, आणि येताना कॉइल घेऊन येतो. एक खेप वाचते, तिचे पैसेही वाचतात. निदान आपणच सांगितल्याने तो रागावेल अशी भीती काहींना वाटते. चांगला कारागीर रागावत नाही, तो स्वतःही एकदा बघून खात्री करतो, आणि ती त्याने करायलाच हवी.

आणि स्वतः करायचं ठरवलंत तर हार्डवेअरच्या दुकानात जाताना काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून बरोबर न्या. अर्धा इंच हा आकडा सांगून काम होत नाही. अर्ध्या इंचाच्या पाइपाची बाहेरची जाडी अर्ध्या इंचाहून बरीच जास्त भरते, मोजपट्टी लावून गेलेला माणूस पाऊण इंचाचं सामान घेऊन येतो. कार्ट्रिज तर कंपनीगणिक वेगळं, दिसायला जुळं आणि बसायला वेगळं. भाग काढण्याआधी मोबाइलवर त्याचा जागच्या जागी फोटो घ्या, वायरी सोडवायच्या असतील तर कोणती कुठे होती ते चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावा. आणि दुकानात दुपारी दोन ते चार जाऊ नका. गर्दी नसते म्हणून लोक तेव्हा जातात, पण त्या वेळी जाणता मालक घरी जेवायला गेलेला असतो आणि गल्ल्यावर बसलेल्या पुतण्याला कुठल्या खोक्यात काय आहे हे माहीत नसतं.